घरच्या सुतारकामासाठी जिग आणि मांडणी: काय आधी, कसे आणि किती अचूक

घरी सुतारकाम सुरू करणाऱ्याची पहिली खरेदी बहुधा यंत्रांची असते आणि पहिला मनस्ताप काटकोनाचा. ड्रिल, जिगसॉ, सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत), ट्रिमर हे सगळे घरात आले तरी चार फळ्यांची साधी पेटी टेबलावर ठेवली की डुगडुगते, कारण हातात धरून चालवायची यंत्रे आपण होऊन सरळ जात नाहीत. कारखान्यात ही जबाबदारी मोठ्या टेबल सॉवर आणि पॅनेल सॉवर असते. घरी ती जिगवर टाकावी लागते. लाकडाला किंवा हत्याराला ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा, स्वतःच बनवायचा साचा, एवढाच जिगचा अर्थ आहे. दुसरा प्रश्न जागेचा. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये या छंदाच्या वाट्याला बंद बाल्कनी किंवा पार्किंगमधला एखादा कोपरा येतो आणि तिथे जमिनीवर पसरलेले सामान कामाची निम्मी जागा खाऊन टाकते.

हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवावेत, पण क्रम पाळून. बहुतेक जण आधी भिंतीवर मांडणी ठोकतात आणि मग कामाला लागतात. माझ्या मते हे उलटे आहे. मांडणी म्हणजे सारख्या लांबीच्या पट्ट्या, काटकोनी पेट्या आणि एका रेषेत पाडलेली भोके. हे सगळे जिगशिवाय केले तर वाकडेच होणार. शिवाय जिगनाही टांगायला जागा लागते आणि ती किती लागेल हे जिग तयार झाल्यावरच कळते. म्हणून आधी चार-पाच जिग बनवावीत, त्यांच्यावरच मांडणी बनवावी, आणि या पहिल्या कामातच जिगची परीक्षाही उरकून घ्यावी.

साहित्य

जिगसाठी भरीव लाकडापेक्षा प्लायवुड बरे. भरीव फळी तिच्या रेषांना आडव्या अंगाने पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. सागवान या बाबतीत बरेच सभ्य आहे, पण आंबा, बाभूळ किंवा पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन यांच्यावर काटकोन सोपवण्यात अर्थ नाही. प्लायमधले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ही हालचाल जवळजवळ थांबते. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली पाटी) अगदी सपाट असते आणि विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत जिगसाठी चांगले चालते, परंतु कोकणपट्टीत त्याच्या कडा ओल शोषून फुगतात आणि एकदा फुगलेली कड पुन्हा मूळ जाडीवर येत नाही.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का पाहावा. आयएस 303 हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक असून एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्रतीचे प्लाय त्यातच येते. आयएस 710 हे मरीन प्लायचे मानक आहे. एमआर प्रत दमट हवा सोसते, पाणी सोसत नाही. तेव्हा खोलीच्या आतल्या कामाला एमआर पुरते आणि बाल्कनीतल्या भिंतीवर 710 लावलेले बरे. पूर्ण शीट 8 बाय 4 फूट, म्हणजे 2440 बाय 1220 मिमी असते. पुढे दिलेल्या सगळ्या कामासाठी 18 मिमीची एक, 12 मिमीची एक आणि 6 मिमीची अर्धी शीट पुरावी. शहरातल्या अनेक प्लायवाल्यांकडे पॅनेल सॉ असतो. शीट घरी आणण्यापूर्वीच तिचे 1220 मिमी लांबीचे दोन तुकडे करून घ्यावेत. जिना आणि लिफ्ट या दोन्हींचा प्रश्न त्याने सुटतो, आणि आठ फुटी काप हाताने मारण्याची वेळही येत नाही. मात्र 12 मिमीच्या शीटच्या एका लांब कडेची सुमारे 1500 मिमी लांब आणि 100 मिमी रुंद पट्टी आधी वेगळी काढून घ्यावी आणि कारखान्यातून आलेली तिची कड कोणत्याही परिस्थितीत कापू देऊ नये. ही कड पुढच्या सगळ्या सरळपणाचा आधार आहे.

जाडीवर आंधळा विश्वास ठेवू नये. 18 मिमी म्हणून विकलेले प्लाय बरेचदा थोडे कमी भरते, आणि त्यासाठी 18 मिमीची खाच पाडली तर सांधा सैल बसतो. खाच पाडण्यापूर्वी व्हर्नियर कॅलिपरने प्रत्यक्ष जाडी मोजावी, किंवा त्याच शीटचा तुकडा माप म्हणून वापरावा. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्यात आकडा वाचण्यात चूक होण्याचा प्रश्नच येत नाही.

गुण्याची परीक्षा

पहिली करवत चालवण्यापूर्वी आपला गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचे हत्यार, खरा आहे का ते पाहावे. दुकानातून आणलेला नवा गुण्यासुद्धा खोटा असू शकतो, आणि एकदा जमिनीवर पडलेला असेल तर संशय घ्यावाच. प्लायच्या कारखानी कडेला गुण्या टेकवून टोकदार पेन्सिलीने किंवा चाकूने 200 मिमी लांबीची रेघ मारावी. मग गुण्या उलटा करून, म्हणजे त्याची मूठ दुसऱ्या बाजूला नेऊन, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वरच्या टोकाला त्या 1 मिमीने फाकल्या असतील तर गुण्याची चूक 200 मिमीला अर्धा मिमी आहे, कारण उलटवल्याने चूक दुप्पट होऊन दिसते. उलटवून पाहण्याची ही युक्ती या लेखात पुन्हा पुन्हा येईल. महागडी मापयंत्रे नसलेल्या माणसाची सारी अचूकता तिच्यावरच उभी असते.

हीच परीक्षा सरळ कडेलाही लागू पडते. 12 मिमीची पट्टी जमिनीवर ठेवून तिच्या कारखानी कडेने पूर्ण लांबीची रेघ मारावी, पट्टी पालथी करून तीच कड त्याच दोन टोकांना टेकवावी आणि पुन्हा रेघ मारावी. मधोमध फट दिसली नाही म्हणजे पट्टी सरळ आहे. मोठ्या शीटवरचा काटकोन गुण्याने पाहू नये. 600 आणि 800 मिमी बाजू घेऊन कर्ण बरोबर 1000 मिमी येतो का ते मोजावे.

पहिले जिग: सर्क्युलर सॉचे गाइड

एकच जिग बनवायचे असेल तर हे बनवावे. 6 मिमी प्लायचा 1500 मिमी लांब आणि सुमारे 300 मिमी रुंद तळ घ्यावा. 6 मिमीचा तुकडा 1220 मिमीचाच असेल तर दोन तुकडे एकमेकांना टेकवून जोडले तरी चालतात, कारण वरची 12 मिमीची पट्टी त्यांना बांधून ठेवते. आता सॉच्या पायाच्या (तो ज्या सपाट पत्र्यावर सरकतो त्याच्या) रुंद बाजूची कड आणि पाते यांच्यामधले अंतर मोजावे. समजा ते 90 मिमी आहे. मग तळाच्या एका लांब कडेपासून 100 मिमी आत, म्हणजे 10 मिमी जास्त सोडून, 12 मिमीची पट्टी बसवावी. तिची कारखानी कड पात्याच्या दिशेला हवी. पट्टीला फेविकॉल लावून खालून 15 मिमीचे स्क्रू प्रत्येक 150 मिमीवर मारावेत. स्क्रूचे डोके तळाच्या पातळीखाली गेलेच पाहिजे, नाहीतर गाइड शीटवर सपाट बसणार नाही. पट्टीच्या मागे उरलेल्या तळावर क्लॅम्प (आवळून धरणारा शिकंजा) लावायचा असतो, म्हणून तिथे किमान 80 मिमी रुंदी राहू द्यावी.

फेविकॉल रात्रभर वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी गाइड एका टाकाऊ तुकड्यावर क्लॅम्प करावे, सॉचा पाया पट्टीला टेकवावा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता तळाचा जास्तीचा भाग कापून टाकावा. सॉ मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला तर तिथे बारीक पायरी पडते, आणि ती पायरी पुढच्या प्रत्येक कापात उतरते. या पहिल्या कापानंतर तळाची कड म्हणजेच पात्याची वाट होते. यापुढे कापायच्या रेघेवर गाइडची कड ठेवायची, क्लॅम्प आवळायचे आणि कापायचे; पात्यापासून पायापर्यंतचे अंतर दर वेळी मोजण्याची गरज राहत नाही. वरचा थर या कडेखाली दाबलेला राहत असल्यामुळे त्या बाजूला प्लायच्या चिपाही फारशा उडत नाहीत. हातातल्या सॉचे पाते खालून वर कापते, म्हणून चिपा वरच्या बाजूला उडतात. यासाठीच शीटची चांगली बाजू खाली ठेवावी.

हे गाइड एका सॉशी आणि एका पात्याशीच इमान राखते. पाते बदलले, जाडी बदलली, की कड खोटी ठरते. गाइडवर मार्करने यंत्राचे नाव, पात्याचे दात आणि तारीख लिहून ठेवावी. प्लायसाठी कार्बाइड टोकांचे, निदान 40 दातांचे पाते घ्यावे.

आपल्याकडे अनेक मिस्त्री मार्बल कटरला 4 इंची लाकडाचे पाते लावून प्लाय कापतात आणि घरगुती कामातही तेच यंत्र दिसते. ते चालते, पण त्याची खोली मोजून पाहावी. 6 मिमीचा तळ आणि 18 मिमीची शीट मिळून पाते 26 मिमी तरी खाली उतरायला हवे. अँगल ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते मात्र कधीही लावू नये. त्याचा वेग जास्त, पकड आखूड आणि संरक्षक झाकण या कामासाठी बनलेलेच नसते. पाते लाकडात अडकले की यंत्र हातातून निसटून थेट अंगावर येते.

कापताना शीट दोन स्टुलांवर आडवी टाकू नये. मधोमध काप पडताच दोन्ही तुकडे आत झुकतात, पाते आवळले जाते आणि सॉ मागे उसळतो. जमिनीवर चार रिपा (लाकडी पट्ट्या) टाकून, दोन कापाच्या एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला, शीट त्यांवर ठेवावी. गुडघे टेकून काम करणे कंटाळवाणे आहे खरे, पण छोट्या जागेत याहून सुरक्षित पद्धत नाही.

बेंच हुक आणि अडसर

बेंच हुक, म्हणजे हातकरवतीने कापताना लाकूड अडवून धरणारी पाटी, बनवायला तासभर पुरतो. 300 बाय 200 मिमीचा 18 मिमी प्लाय घ्यावा. एका टोकाला वरच्या बाजूने आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूने प्रत्येकी 40 मिमी रुंद पट्टी बसवावी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकते, आणि हातकरवतीने रीप कापताना क्लॅम्प लागत नाही. वरची पट्टी तळापेक्षा उजवीकडे 20 मिमी आखूड ठेवावी, म्हणजे करवत टेबलावर न उतरता तळावर उतरते. स्क्रू करवतीच्या वाटेत येणार नाहीत असे मारावेत.

सारख्या लांबीचे तुकडे लागतात तेव्हा प्रत्येक तुकडा मोजू नये. पहिला मोजून कापावा आणि त्याच्या टोकाशी एक छोटा ठोकळा अडसर म्हणून क्लॅम्प करावा. बाकीचे तुकडे अडसराला टेकवून कापावेत. अडसराच्या खालच्या कडेला 3 मिमीची तिरकी खाप काढावी, नाहीतर तिथे भुसा साचतो आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा केसभर आखूड निघतो.

शूटिंग बोर्ड

करवतीने कापलेले टोक कितीही जपून कापले तरी ते काटकोनी आणि गुळगुळीत नसते. त्याला काटकोन देण्याचे काम रंधा करतो, आणि रंध्याला आडवा झोपवून एका वाटेने चालवणाऱ्या पाटीला शूटिंग बोर्ड म्हणतात. घरगुती कामात सर्वाधिक समाधान देणारे जिग कोणते असे विचारले तर मी याचेच नाव घेईन. त्याला वीज लागत नाही, आवाज नाही, धूळ नाही. सोसायटीत दुपारच्या वेळी जे थोडे काम करता येते त्यात हे बसते.

18 मिमीचा 600 बाय 300 मिमी तळ घ्यावा. त्यावर 12 मिमीचा 600 बाय 220 मिमी तुकडा चिकटवावा. उजवीकडे उरलेली 80 मिमी रुंदीची मोकळी पट्टी ही रंध्याची वाट. वरच्या तुकड्याची या वाटेकडची कड गाइडवर कापलेली, म्हणजे सरळ असावी, आणि तिच्या तळाशी चिकटवण्यापूर्वीच बारीक तिरकी खाप काढावी, म्हणजे भुसा आणि छिलके तिथे जातात आणि रंधा वर उचलला जात नाही. तळाच्या खाली, आपल्या बाजूच्या टोकाला, टेबलाला अडण्यासाठी एक पट्टी बसवावी.

आता मुख्य गोष्ट, वरची आडवी पट्टी. ही जाड, शक्य तर सागवानाची किंवा दोन प्लाय चिकटवून केलेली, 220 बाय 40 मिमी घ्यावी. ती वरच्या तुकड्यावर, दूरच्या टोकापासून 50 मिमी अलीकडे, वाटेच्या कडेला काटकोनात बसवायची आहे. हिला फेविकॉल लावू नये. वाटेजवळच्या टोकाला एक स्क्रू घट्ट भोकात मारावा. पट्टी याभोवती फिरेल. दुसऱ्या टोकाला स्क्रूचे भोक 2 मिमी मोठे पाडून वॉशर लावावा. गुण्याने पट्टी जुळवून हा स्क्रू आवळावा.

रंधा लोखंडी जॅक प्लेन असेल तर उत्तम, पण लाकडी रंधाही चालतो, फक्त त्याची बाजू तळाला काटकोनात आहे का ते गुण्याने पाहावे. पात्याला चांगली धार लावलेली हवी. शूटिंग बोर्डवर बोथट पाते टोकाचे धागे कापत नाही, चिरडते. रंध्याच्या तळाला आणि बाजूला, तसेच वाटेवर, साधी मेणबत्ती घासावी. पहिल्या काही फटक्यांत पाते वरच्या तुकड्याची कड छिलक्याइतकी खाईल आणि मग थांबेल, कारण रंध्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना तळाचा थोडा भाग पात्याशिवाय असतो आणि तो कडेला टेकतो. या भागामुळेच हे जिग चालते, त्यामुळे पहिले छिलके पाहून घाबरू नये.

परीक्षा अशी: 80 मिमी रुंद, सरळ कडांच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन्हींची टोके शूटिंग बोर्डवर रंधावीत, पण एक पट्टी पालथी करून. मग दोन्ही पट्ट्या सपाट जागेवर टोकाला टोक लावून एका सरळ कडेशी ठेवाव्यात आणि खिडकीसमोर धरून सांध्याकडे पाहावे. वर किंवा खाली उजेडाची पाचर दिसली तर कोन चुकला आहे, आणि दिसणारी पाचर खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे. मोठ्या भोकातला स्क्रू सैल करावा, पट्टी 80 मिमी रुंदीत पाचरीच्या निम्म्याइतकी सरकेल अशी फिरवावी, आवळावे, पुन्हा रंधावे. उजेड दिसेनासा झाला की तिसरा स्क्रू मारून पट्टी पक्की करावी. आडव्या पट्टीचे वाटेकडचे टोक रंध्याने समपातळीत आणावे, म्हणजे कामाच्या मागच्या कडेला आधार मिळतो आणि तिथले धागे फाटत नाहीत.

एका रेषेतली भोके

कपाटाचे खण वरखाली करता यावेत म्हणून बाजूंना 5 मिमीची भोके पाडतात. फर्निचर कारखान्यांत या भोकांमधले अंतर 32 मिमी आणि पुढच्या कडेपासूनचे अंतर 37 मिमी ठेवण्याची पद्धत आहे. तीच पाळावी, म्हणजे बाजारातल्या बिजागऱ्या आणि पिना जुळतात. 12 मिमी प्लायची 600 बाय 74 मिमी पट्टी घेऊन मधोमध रेघ मारली की 37 मिमी आपोआप मिळतात. भोकांच्या खुणा एका भोकापासून दुसऱ्याकडे मोजत जाऊ नये. पट्टीच्या खालच्या टोकापासून 64, 96, 128, 160 असे थेट आकडे वाचून खुणा कराव्यात, कारण टप्प्याटप्प्याने मोजले की प्रत्येक टप्प्याची चूक पुढच्यात मिळते. पट्टीवर एका टोकाला ठळक «खाली» लिहावे आणि दोन्ही बाजूंना तेच टोक तळाला जुळवावे; हे विसरले की खण उतरते होतात. ड्रिलच्या पात्यावर खोलीसाठी चिकटपट्टीची खूण करतात, पण ती सरकते. पात्यात ओवलेला लाकडी ठोकळा अधिक विश्वासू असतो.

भिंतीवरची मांडणी

सामान आधी जमिनीवर पसरून पाहावे: रोज लागणारे, आठवड्याला लागणारे आणि क्वचित लागणारे. रोजच्या हत्यारांची जागा कोपर ते डोळे यांच्या उंचीदरम्यान असावी, जड यंत्रांची कमरेखाली, आणि क्वचितची कुठेही. हे वर्गीकरण वर्षभरात बदलते. म्हणून खिळ्यांनी कायमचे बोर्ड ठोकण्यापेक्षा काढता-घालता येणारी पद्धत निवडावी. तिरक्या कडेच्या पट्ट्यांची पद्धत, जिला फ्रेंच क्लीट म्हणतात, ती त्यासाठीच आहे.

18 मिमी प्लायची 1220 मिमी लांब आणि 150 मिमी रुंद पट्टी लांबीच्या मधोमध 45 अंशांत कापली की दोन जोडपट्ट्या मिळतात. एक भिंतीवर, दुसरी हत्याराच्या खोक्यामागे. भिंतीवरच्या पट्टीची वरची कड भिंतीकडे खाली उतरती हवी. त्यामुळे पट्टी आणि भिंत यांमध्ये जी खाच तयार होते तिच्यात खोक्याची पट्टी अडकते आणि वजनाने भिंतीकडेच ओढली जाते. हा काप मारताना वर बनवलेले गाइड वापरू नये, कारण तिरके पाते गाइडच्या तळाची कड खाऊ शकते. 12 मिमीची दुसरी एक सरळ पट्टी थेट शीटवर क्लॅम्प करावी. 18 मिमी जाडी 45 अंशांत कापायला पाते सुमारे 25.5 मिमी खोल जावे लागते, तेव्हा आधी टाकाऊ तुकड्यावर पाहावे.

ज्यांचा कटर तिरका होत नाही त्यांनी काटकोनी पद्धत करावी: भिंतीला 12 मिमीची 40 मिमी रुंद पट्टी, तिच्यावर 12 मिमीचीच 60 मिमी रुंद पट्टी, दोघींच्या खालच्या कडा जुळवलेल्या. वर 20 मिमीचा ओठ उरतो आणि खोक्यामागे याच्या उलट जोडणी केली की तो त्यात अडकतो. दिसायला साधी, पण वजन तितकेच पेलते. अडकवायला फट लागते म्हणून भिंतीवरच्या आणि खोक्यामागच्या अशा दोन्ही आतल्या पट्ट्यांना दोन-तीन पुठ्ठे लावून 1 मिमी जास्त जाड करावे.

भिंत कशाची आहे यावर सारे अवलंबून आहे. विटांच्या भिंतीवर आतले प्लास्टर साधारण 12 ते 15 मिमी असते आणि ते वजन पेलत नाही. 18 मिमी पट्टी, 15 मिमी प्लास्टर आणि विटेत निदान 40 मिमी, म्हणजे 75 मिमीचा स्क्रू आणि 8 मिमीची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी), दर 400 मिमीवर. गिट्टी प्लास्टरच्या आत विटेपर्यंत ठोकावी. हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांच्या भिंतीत ड्रिलची हॅमर क्रिया बंद ठेवावी आणि त्या ठोकळ्यांसाठीच मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी घ्यावी. साधी गिट्टी तिथे फिरत राहते. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नये, कारण तारांचा पाइप बहुधा त्याच रेषेत भिंतीत गेलेला असतो. पट्ट्या समपातळीत आणायला गवंड्याची पाण्याची नळी उत्तम. लांब भिंतीवर ती छोट्या लेव्हलपेक्षा खरी ठरते.

पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत टाळावी. दुसरी भिंतच नसेल तर पट्ट्यांमागे 12 मिमीचे तुकडे देऊन हवा खेळू द्यावी आणि पट्ट्यांच्या कापलेल्या कडांना पॉलिशचे दोन हात मारावेत. स्क्रू मात्र तेवढे लांब घ्यावेत. दोन पट्ट्यांमधले अंतर 200 मिमी ठेवले तर बहुतेक सामान बसते. खोक्याच्या खालच्या भागात मागून पट्टीच्याच जाडीचा तुकडा लावावा, नाहीतर खोके पुढे कलते.

पटाश्यांसाठी 18 मिमी पट्टीत खाचा, करवतींसाठी मुठीच्या आकाराचा ठोकळा, रंध्यांसाठी 15 अंश कललेला ट्रे आणि ड्रिलसाठी खालून उघडी पेटी एवढे पुरे. प्रत्येक हत्यार एका हाताने, दुसरे काही न हलवता निघाले पाहिजे. ही एकच कसोटी लावावी. पटाश्यांच्या धारा उघड्या लोंबत असतील तर खाली एक आडवी पट्टी लावावी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

ड्रॉवर करायचे असतील तर टेलिस्कोपिक चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्टीला) प्रत्येक बाजूला सुमारे 13 मिमी जागा लागते. म्हणजे ड्रॉवरची बाहेरची रुंदी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा 26 मिमीने कमी. चॅनेल हाताने धरून खुणा करण्यापेक्षा हव्या त्या उंचीचा प्लायचा ठोकळा तळाशी ठेवून त्यावर चॅनेल टेकवावे आणि स्क्रू मारावा. दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. खालच्या ड्रॉवरसाठी ठोकळा कापून आखूड करायचा, म्हणून सुरुवात वरून करावी.

स्क्रू, खिळे, बिजागऱ्या पारदर्शक बरण्यांत ठेवाव्यात आणि बरणीवर त्यातला एक नमुना चिकटवावा. उरलेले तुकडे हा खरा शत्रू. 300 मिमीपेक्षा लहान प्लायचा तुकडा एका ठरावीक पेटीत, आणि पेटी भरली की नवा ठेवताना जुना टाकायचा. शीट उभ्या ठेवायच्या तर भिंतीला अगदी थोड्या कललेल्या, खाली रिपा देऊन. फार कलल्या की महिन्याभरात पोट काढतात. बारीक पीठ पाडणारी कीड लागलेले लाकूड घरात आणू नये, ते सागवानाच्या पांढऱ्या भागातही पसरते.

जिग कुठे ठेवावीत आणि पावसाळा

प्रत्येक जिगला एका कोपऱ्यात 30 मिमीचे भोक पाडून ते टांगावे. सर्क्युलर सॉचे गाइड कधीही भिंतीला टेकवून तिरके ठेवू नये, ते वाकते आणि वाकल्याचे डोळ्याला कळत नाही. एका टोकाला टांगावे किंवा सपाट आडवे ठेवावे. पॉलिश दोन्ही बाजूंना सारखेच मारावे. एकाच बाजूला मारले तर ओल दुसऱ्या बाजूने शिरते आणि पाटी वाकते.

लोखंडी हत्यारांना जूनच्या आधी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. बंद पेटीत कापराची एक-दोन वडी ठेवण्याची जुनी पद्धत उपयोगी आहे. कापूर हळूहळू उडून धातूवर बसतो आणि गंज लांबवतो. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की गुण्याची, गाइडची आणि शूटिंग बोर्डची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि लागल्यास पट्टी सरकवावी.

जवसाच्या तेलाने पॉलिश केलेल्या चिंध्या मात्र या मांडणीत कुठेच ठेवू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि गोळा करून डब्यात किंवा भुशाच्या पिशवीत टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उलगडून घराबाहेर मोकळ्या हवेत एकेरी वाळत घालावी, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावी आणि मगच टाकावी.